सगळे रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात काउन्सेलरकडे जा. नागपुरात कोणी गेलंय का?

बुटीबोरी_अप_डाउन

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसता वाचत असतो, आज विचारतोय कारण घरी आणि ऑफिसात विचारण्यासारखं नाही.

वय ३८, बुटीबोरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, राहायला मनीषनगर. बायको, मुलगी, आई. होम लोन आहे पण हप्ते वेळेवर जातात, घरी भांडणं नाहीत, दारू नाही, म्हणजे रडावं असं काहीच नाही. तरी गेल्या दिवाळीपासून असं होऊन राहिलंय की अचानक छातीत धडधड सुरू होते, हाताला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आणि डोक्यात एकच की आता आपलं संपलं. पहिल्यांदा झालं तेव्हा वर्धा रोडवर गाडी चालवत होतो, कशीबशी बाजूला घेतली, भावाला फोन केला, त्याने धंतोलीत एका दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी इको, नंतर टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात ते), शुगर, थायरॉइड, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल. फिजिशियन म्हणाले हार्ट एकदम मस्त आहे, हे अँक्झायटीचं आहे, काउन्सेलरला भेटा. एक गोळी पण लिहून दिली, ती मी घेतलीच नाही.

तेव्हापासून वर्धा रोडला स्वतः गाडी घेऊन जात नाही. खापरीपर्यंत मेट्रो आणि तिथून सहकाऱ्याच्या गाडीत. मेट्रोतही दाराजवळच उभा राहतो, जागा रिकामी असली तरी. पाण्याची बाटली नसेल तर घरातून निघत नाही. हे सगळं लिहिताना मलाच येडपटपणा वाटून राहिलाय.

विचारायचं हे की माझ्यासारख्याने जायचं असतं का, की ज्यांच्या आयुष्यात खरंच काही मोठं झालंय त्यांच्यासाठी असतं ते? तिथे नेमकं करतात काय? नुसतं बोलायचंच असेल तर मित्र काय वाईट? नोकरीत कळेल का? खर्च किती आणि किती दिवस चालतं? आई म्हणते नजर लागली, रोज मीठ-मोहऱ्या उतरवते, बायको म्हणते एकदा जाऊन तर बघ.

आणि प्लीज 'पॉझिटिव्ह राहा' असं कोणी लिहू नका, ते आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांसकट येतं.

इतवारी_भाऊ

भाऊ तुझं ते 'माझं काही मोठं झालं नाही' वालं वाचून मले माझंच आठवलं. मी ५२ चा, इतवारीत हार्डवेअरचं दुकान, वरच घर. मी गेलो होतो रागासाठी. आता राग काय बिमारी आहे का बाप्पा, आमच्या बापाले तं माझ्यापेक्षा दुप्पट होता अन् त्याले कोणी डॉक्टर दाखवला नाही. पण पोरगा नीटचा ड्रॉप घेऊन घरी होता, त्याच्यावर मी असा सुटायचो की त्यानं माझ्यासोबत बोलणंच बंद केलं, ताट वाढलं तरी मी उठेपर्यंत जेवायला बसायचा नाही. साळीनं रामदासपेठेतल्या एका मॅडमचा नंबर दिला. मी गेलो ते याच्यासाठी की मॅडम पोराले बोलावतील अन् समजावतील की बापाचं ऐकत जा. मॅडमनं पोराले बोलावलंच नाही! म्हणे आलात तुम्ही, तं आपण तुमचंच पाहू.

मंग एक वही करायला लावली. राग कधी आला, त्याच्या आधी काय चालू होतं, अंगात कुठं जाणवलं, इतकंच लिहायचं. मी म्हटलं हे काय शाळेतल्यासारखं. पण महिनाभराची वही दोघांनी मिळून पाहिली तं दिसलं की पोरावर ओरडायचे दिवस अन् उधारी वसुलीचे दिवस एकच. ज्याच्याकडे पैसे अडकले त्याले काही बोलता येत नाही, गिऱ्हाईक तुटते, मंग तो सगळा माल वरच्या मजल्यावर उतरायचा. हे मले इतक्या वर्षात कोणी सांगितलं नव्हतं, अन् खरं म्हणजे मॅडमनं बी सांगितलं नाही, वहीत दिसलं. आता दुकान बंद केल्यावर सरळ वर जात नाही, गांधीबागेत एक चक्कर मारतो मंग जातो. राग गेला का म्हणशील तं नाही गेला. पण येऊन राहिला हे आधी कळते. पोरगा आता बोलतो, जास्त नाही, क्रिकेटचं बोलतो.

तू जा. मोठं झाल्यावरच जायचं असं कुठं लिहिलं आहे.

जुना_खेळाडू

हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत. सकाळी पाचला उठून अंबाझरीला चार चकरा मारा, रात्री मोबाइल बंद, आणि देवाचं नाव. आमच्या वडिलांनी सात जणांचं कुटुंब ओढलं, त्यांना कुठे होती अँक्झायटी.

बुटीबोरी_अप_डाउन

दादा, चालतो मी रोज. चालताना पण होतं. आणि आता तर धडधड वाढेल म्हणून जोरात चालायचीच भीती वाटते.

खुर्ची_नंबर_दोन

मी याच क्षेत्रातली, क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. केलंय, नागपुरातच काम करते, म्हणून थोडं मोठं लिहिते. माझं नाव-पत्ता कोणी विचारू नका, इथे जाहिरात करायची नाहीये.

बुटीबोरी, इथून निदान करणं बरोबर नाही, ते समोर बसूनच होतं. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते पॅनिक अटॅकचं आम्हाला शिकवतात तसंच्या तसं आहे, आणि त्यातली शेवटची ओळ, की आता जोरात चालायची भीती वाटते, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

होतं असं. छातीत धडधड कशानेही होऊ शकते, कमी झोप, जास्त चहा, ऑडिटचा महिना, जिना चढणं. त्या धडधडीचा अर्थ मन लावतं की हार्ट अटॅक आला. तो अर्थ लावल्याबरोबर शरीर खरोखरच्या संकटासारखं कामाला लागतं, ॲड्रेनलिन सुटतं, धडधड आणखी वाढते, श्वास भराभर होतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच हाताला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग त्या मुंग्या म्हणजे आणखी एक पुरावा की काहीतरी भयंकर चाललंय. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे चक्र नीट मांडलं आणि पॅनिकची आजची उपचारपद्धत बरीचशी त्यावर उभी आहे. अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो. तुम्ही काहीच केलं नाही तरी उतरतो. पण तुम्ही गाडी बाजूला घेतलेली असते, पाणी प्यायलेलं असतं, दाराजवळ उभे असता, त्यामुळे मन म्हणतं की वाचलो ते यामुळेच. म्हणून वर्धा रोड सुटला, उद्या मेट्रो सुटेल. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि भीती मात्र पक्की होत जाते.

आता थेरपीत करतात काय. पहिल्या एक-दोन भेटीत नुसते प्रश्न असतात, केव्हा सुरू झालं, त्या सुमारास आयुष्यात काय चाललं होतं, घरात कोणाला हार्टचा त्रास होता का, अटॅकच्या वेळी नेमकं काय मनात येतं. मग तुमचं स्वतःचं चक्र कागदावर काढतात. त्यानंतरचा भाग लोकांना विचित्र वाटतो, कारण आम्ही मुद्दाम तीच लक्षणं आणायला लावतो. जागच्या जागी धावा, फिरत्या खुर्चीत गरगर फिरा, मिनिटभर भराभर श्वास घ्या. धडधड येते, मुंग्या येतात, आणि तुम्ही काहीही न करता बसून राहता आणि बघता की होतं काय. तुमचा टीएमटी नॉर्मल आहे म्हणून हे करता येतं, आधी तपासण्या झाल्या ते चांगलंच झालं. मग बाहेर. आधी बायको शेजारी बसलेली असताना रविवारी सकाळी वर्धा रोडवर थोडं अंतर, मग एकट्याने तेवढंच, मग बाटली घरी ठेवून, असं पायरी-पायरीने. काय क्रमाने करायचं ते तुम्ही आणि थेरपिस्ट मिळून ठरवता, कोणी ढकलत नाही.

याला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. १९६० च्या दशकात ॲरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने डिप्रेशनसाठी सुरू केलेली पद्धत, पुढे भीती, ओसीडी (तेच तेच विचार आणि तीच तीच कृती), झोप अशा कित्येक गोष्टींसाठी वापरात आली. आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, पॅनिकसाठी साधारण दहा ते पंधरा भेटी धरा, कोणाला कमी लागतात कोणाला जास्त. मधल्या दिवसांत घरी करायचा गृहपाठ असतो आणि खरं काम तिथेच होतं. सगळ्या थेरप्या अशा नसतात हेही सांगते. कोणाला लहानपणी झालेलं काहीतरी आता स्वतःला मूल झाल्यावर वर येतं, कोणी प्रत्येक नात्यात तीच तीच फरफट करून घेतं, तिथे काम सावकाश आणि जास्त दिवस चालतं.

माझ्याकडे येणाऱ्यांत 'मोठं काहीतरी' झालेले निम्मेही नसतील. एमपीएससीचे प्रयत्न संपत आलेत आणि गावी काय सांगायचं हे कळत नाही असा मुलगा. बाळंतपणानंतर सगळे आनंदात आणि हिला मात्र रडू आवरत नाही अशी बाई. रिटायर झाल्यावर सकाळी नऊला कपडे करून सोफ्यावर बसणारे काका. हात धुऊन धुऊन कातडी निघालेली कॉलेजची मुलगी. सासरी कशालाच नाही म्हणता येत नाही म्हणून आलेली, आणि बाहेरून पाहिलं तर जिचं सगळं छान चाललंय अशी. विचारायचा प्रश्न हा की या त्रासामुळे तुमची झोप, काम, नाती, जायच्या-यायच्या जागा कमी होत चालल्यात का. तुमच्या कमी होतायत.

जुना खेळाडू काका, चालणं चांगलंच आहे, मी पण सांगते लोकांना. पण चालायचीच भीती बसली असेल तर आधी ती काढावी लागते ना.

मृण्मयी_धरमपेठ

मित्र काय वाईट याचं उत्तर मी देते, कारण मला मैत्रिणी भरपूर आहेत आणि चांगल्या आहेत.

आई गेल्यावर मी गेले होते. कॅन्सर होता, भाऊ पुण्याला, त्यामुळे दवाखाना, डबे, सह्या, सगळं माझ्यावर. शेवटी आयसीयूत डॉक्टरांनी विचारलं व्हेंटिलेटरवर टाकायचं का, आणि मी नाही म्हटलं. त्यानंतर काही महिने माझ्या डोक्यात तेवढंच. काम करायची, हसायची, पाहुण्यांना चहा द्यायची आणि आतून तेच. मी हो म्हटलं असतं तर? रात्री उठून मोबाइलवर तेच वाचत बसायचं.

मैत्रिणी म्हणायच्या तुझी काही चूक नाही गं. शंभरदा म्हणाल्या असतील. मावशीजवळ विषय काढला की मावशीच रडायला लागायची आणि मग मीच तिला धरून बसायचे. भावाजवळ काढायचा म्हणजे त्याला वाटणार ही मला टोमणा मारतेय की तू नव्हतास. म्हणजे बोलायला माणसं होती पण प्रत्येकाजवळ बोलताना त्यांचं काहीतरी सांभाळावं लागत होतं. ज्यांच्याकडे गेले त्यांचं काहीच सांभाळायचं नव्हतं, तो तास माझा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्हाला आजार काही नाहीये, हे दुःख आहे, पण आजार नाही म्हणून येऊ नका असं मी म्हणणार नाही.

आणि मग त्यांनी मला आईची फाइल आणायला लावली. खरोखरची फाइल, सगळे रिपोर्ट. आम्ही तारखेप्रमाणे बसून लिहून काढलं की या दिवशी डॉक्टरांनी मला काय सांगितलं होतं आणि त्या दिवसापर्यंत मला काय माहीत होतं, पुढचे कागद झाकून ठेवायचे. त्या तारखेपर्यंत येईतो मला स्वतःलाच दिसलं की हातात जेवढी माहिती होती त्यात मी दुसरं काही म्हटलंच नसतं, आणि आई स्वतः आधी काय बोलली होती ते तर मी विसरूनच गेले होते. ती म्हणाली होती मला नळ्या नकोत. मी त्या खोलीत जे रडले ते दहाव्याला पण रडले नव्हते.

दुःख गेलं नाही, जाऊ पण नये. पण रात्रीचं ते वाचणं थांबलं. फी मला हजाराच्या आसपास पडायची एका वेळची, शहरात यापेक्षा कमी-जास्त सगळं आहे.

तर्रीपोहे

मी जरा दुसरी बाजू सांगतो नाहीतर इथे सगळं गोड गोड होऊन जाईल. मिहानमध्ये आयटीत आहे, ब्रेकअप झालं, झोप उडाली, कामात चुका व्हायला लागल्या म्हणून गेलो. पहिले जे सर भेटले, नाव लिहीत नाही, त्यांनी अर्धा वेळ स्वतःच्या फॉरेनमधल्या मुलाचं सांगितलं, मग मुलगी कोणत्या जातीची होती ते विचारलं, मग पत्रिका पाहिली होती का, आणि शेवटी म्हणाले आईवडिलांचा विचार करा, लग्न करून टाका सगळं ठीक होईल. मी फी दिली आणि सरळ सांबारवडी खायला गेलो, त्याने जास्त फरक पडला.

बरेच दिवस म्हटलं सगळे असेच असतात. मग रूममेटच्या ओळखीतून दुसऱ्या एकीकडे ऑनलाइन सुरू केलं, ती एकदम वेगळी. आधीच सांगितलं की मी काय करते, काय करत नाही, आणि काही आठवड्यांनी आपण दोघं बघू फरक पडतोय का, नसेल पडत तर पद्धत बदलू किंवा दुसऱ्या कोणाकडे पाठवीन. सल्ला तर तिने जवळपास दिलाच नाही, सुरुवातीला मला त्याचाच राग यायचा की पैसे देऊन राहिलो तर सांग ना काय करू. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, मध्ये असे काही आठवडे गेले की आधीपेक्षा जास्त वाईट वाटायचं, कारण जे दाबून ठेवलं होतं तेच काढून बसलो होतो. तेव्हा सोडून देणार होतो.

त्यामुळे एकजण पटला नाही तर दुसरा बघ एवढंच. आणि भाषा बघ यार. इंग्लिशमध्ये मी मस्त बोलतो पण बाबांबद्दल इंग्लिशमध्ये बोलायला लागलो की मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन देतोय असं वाटायचं. तिला विदर्भातलं मराठी कळायचं, 'डोकं भनभन करते' म्हटलं तर भनभन म्हणजे काय हे समजवायला लागलं नाही.

खुर्ची_नंबर_दोन

तर्रीपोहे, तुम्ही जे सोसलंत ते वाईटच आणि चुकीचंही. थेरपिस्ट आणि तुमचं जमणं हा उपचाराचाच भाग आहे, संशोधनातही हे वारंवार दिसलंय, कोणती पद्धत आहे यापेक्षा कधीकधी जास्त. न पटल्यास बदलण्यात काही गैर नाही, तोंडावर सांगून बदललं तरी चालतं, आम्हाला सवय असते.

शिक्षण मात्र विचाराच. 'काउन्सेलर' अशी पाटी लावायला सध्या आपल्याकडे फारशी आडकाठी नाही, दोन दिवसांचा कोर्स करूनही लोक लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, तो नंबर बेधडक मागा. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, गोळ्या डॉक्टरच लिहितात, मी लिहू शकत नाही. एम.ए. करून नीट प्रशिक्षण घेतलेले, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणारे काउन्सेलरही चांगले असतात, सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

निवृत्त_मास्तर_महाल

बुटीबोरीचे चिरंजीव, तुम्ही नोकरीत कळेल का म्हणून विचारलंत, त्यावर कोणी काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या पत्नीला अनेक वर्षांपूर्वी उदासीनतेचा मोठा आजार झाला होता, आता त्या उत्तम आहेत आणि हे मी त्यांना विचारूनच लिहितो आहे. त्या वेळी आमच्या वाड्यात गाठ अशी बसली होती की मनाचा डॉक्टर म्हणजे पागलखाना. मानकापूरकडे जाताना लागतं ते प्रादेशिक मनोरुग्णालय, १८६४ सालचं, राज्यातल्या जुन्या चारांपैकी एक, बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. चौकाला अजून लोक पागलखाना चौक म्हणूनच ओळखतात, ऑटोवाल्याला दुसरं नाव सांगून पाहा कळतं का. त्यामुळे आम्ही पत्नीला दीर्घकाळ मेंदूच्या डॉक्टरकडेच नेत होतो आणि शेजाऱ्यांना मायग्रेन सांगत होतो. शेवटी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं, तिथे मानसोपचार विभाग आहे, ओपीडीत रांगेत बसलो, रांगेत माझा एक जुना विद्यार्थीच भेटला, तो म्हणाला सर तुम्ही पण? मी म्हटलं हो. झालं, संपला विषय.

सांगायचं ते असं की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुमच्या कंपनीने फोन करून विचारलं तरी डॉक्टरांनी सांगायचं नसतं. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यावा असं आहे. पण आपली पॉलिसी नीट वाचा, बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झालं तरच पैसे देतात आणि तुमचं तर नुसतं जाणं-येणं आहे, त्यामुळे खर्च खिशातूनच धरा.

खासगीचं परवडत नसेल त्यांच्यासाठी मेडिकल, मेयो (दुसरं सरकारी रुग्णालय), मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, आणि डॉक्टर तुमच्याजवळ तासभर बसतील अशी अपेक्षा पहिल्या दिवशी ठेवू नये. केंद्र सरकारचा टेलीमानसचा १४४१६ हा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी लावला होता, कोणीतरी काढून टाकला, परत लावला.

इतवारी_भाऊ

मास्तर तुमचं 'मी म्हटलं हो' एक नंबर.

खुर्ची_नंबर_दोन

मास्तरांनी छान लिहिलं. गोपनीयतेला अपवाद असतात तेवढे सांगून ठेवते कारण चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी सांगतो. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, कोर्टाने मागितलं, किंवा लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची बाब समोर आली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. बाकी तुमचं तिथेच राहतं, बायकोने फोन करून विचारलं तरी.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणाच्या मनात जगू नये असं येत असेल तर त्यांनी पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नये, १४४१६ ला आत्ताच फोन करा, किंवा घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा.

बुटीबोरी_अप_डाउन

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ते चक्र बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे तर तुझंच लिहिलंय कोणीतरी. हार्टचं विचारतात म्हणालात, तर बाबा हार्टनेच गेले, ४१ चे होते. मी हे कोणत्याच डॉक्टरला स्वतःहून सांगितलं नाही, फॉर्मवर फॅमिली हिस्टरीच्या रकान्यात लिहिलं तेवढंच.

दोन गोष्टी अजून. त्या गोळीचं काय करू, पडून आहे. आणि पहिल्या भेटीला बायकोला सोबत नेऊ का एकट्याने जाऊ? मला वाटतं ती असेल तर मी अर्धंच बोलीन, नसेल तर जाणारच नाही.

खुर्ची_नंबर_दोन

४१ चं वाचलं. पहिल्या भेटीत हे नक्की सांगा, तुम्ही आता ३८ चे आहात, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला तिथे वेळ मिळेल. फिजिशियननाही तोंडी सांगा, टीएमटी झालीय ते बरंच आहे पण त्यांना कळलेलं असावं.

गोळीचं नाव इथे लिहू नका, कोणीतरी स्वतः आणून घेईल. अँक्झायटीत दोन तऱ्हेच्या गोळ्या देतात, काही लगेच शांत करतात पण जास्त दिवस घेतल्या तर सवय लागू शकते, आणि काही रोज घ्यायच्या असतात ज्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तुमची कोणती आहे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा किंवा एकदा सायकियाट्रिस्टना दाखवा. घेतली नाही म्हणून ते रागावणार नाहीत, पण घ्यायची का नाही हे ड्रॉवरमध्ये ठेवून ठरत नाही. पॅनिकमध्ये बऱ्याच जणांचं नुसत्या थेरपीने भागतं, काहींना दोन्ही लागतं.

बायकोला न्या की. ती बाहेर बसेल, शेवटची दहा मिनिटं तुम्हाला वाटलं तर आत बोलवायचं, नाही वाटलं तर नाही. फोन करताना तसं आधीच सांगून ठेवा, आणि संध्याकाळी सहानंतरची किंवा शनिवारची वेळ मागा, बुटीबोरीहून सुटून येणाऱ्यांसाठी बहुतेक जण ठेवतात.

तर्रीपोहे

शनिवारच्या वेळा पटकन भरतात, आजच फोन कर.